कुत्रा छापातली रिकामी जागा

गफूरभाई, तुमच्या मातीला आलेल्या माणसांनी तुम्हाला माझा नोकर करून टाकलं.

कबरस्तानातून सगळे परत आले आणि आपल्या दुकानाच्या ओट्यावर टेकले. शाळेचे मास्तर उभे राहिले. त्यांना कुणी बोला म्हणावं लागत नाही. म्हणाले, "गफूर हा या घोंगडी कारखान्याचा जुना, इमानी नोकर. मालकाच्या मिठाला जागला." लोकांनी माना हलवल्या. माझा लेक शिवाप्पाही तिथं बसला होता. त्यानंही हलवली.

मी नुकतीच तुमच्या घरून, तुमच्या बायकोजवळून, चांदबीजवळून उठून आले होते आणि दाराच्या आत बसले होते. तिथूनच म्हणाले, "मास्तर, नोकर कोण?"

"म्हणजे... गफूर."

"गफूरभाई म्हणा. आन् त्ये नोकर नव्हते, निम्मे मालक हुते. तुमच्या खांद्यावर जी घोंगडी हाय ना, तिचा कोपरा उलटून बघा. दोन नावं हायत."

मास्तरांनी कोपरा उलटला, शिवलेली पट्टी डोळ्यांजवळ नेली आणि माझ्याकडं बघितलं. तिथं एकच नाव होतं, माझ्या नवऱ्याचं, आमच्या धन्याचं. तुमच्या नावाची जागा कोरी होती. रागाच्या भरात मला त्याचं भानच राहिलं नव्हतं. मास्तरांनी कोपरा परत सुलटा केला आणि खाली बसले, आणि मला त्यांच्या भाषणापेक्षा त्या सुलट्या केलेल्या कोपऱ्याचा जास्त राग आला. सगळ्यांत जास्त तुमचा आला. गेलेल्या माणसावर चिडून काही हाती लागत नाही, हे मला कळतं. तरी मी चिडणार. तुमच्या जिवंतपणी तुम्ही मला हे भांडण पुरं करू दिलं नाही.

तुम्ही कधी जन्मलात, कुठल्या पेठेत वाढलात, हे मी लिहीत बसत नाही. ते मास्तर लिहितील आणि चुकीचं लिहितील. मला छापाचं लिहायचं आहे, कारण आपल्या कंपनीत तुमचं जे होतं ते त्या छापात होतं.

कंपनी हे नाव लोकांनी थट्टेनं दिलं. एक माग, एक तट्टू, आणि म्हणे कंपनी. आम्ही सणगर, घोंगड्या विणणारे, आमचे धनी मागावर बसायचे. तुम्ही रंगाऱ्याच्या घरातले, पण रंगापेक्षा तुमचा जीव बाजारात. तट्टावर घोंगड्या लादून तुम्ही तुळजापूर, नळदुर्ग, पार गुलबर्ग्यापर्यंत जायचा. एकदा तुळजापूरच्या बाजारात एका गिऱ्हाइकानं कसरीनं खाल्लेली घोंगडी आणून तुमच्या अंगावर टाकली, तुमचीच आहे म्हणाला. ती आपली नव्हती. पण काळी घोंगडी काळ्या घोंगडीसारखीच दिसते. चारचौघांत तुम्हाला ती परत घ्यावी लागली. घरी येऊन तट्टू बांधायच्या आधी तुम्ही म्हणालात, "भाभी, आपल्या मालाला खूण पायजे. नै तो मैं बाजार नै जाता."

मी कोपऱ्यात पांढऱ्या लोकरीचे तीन टाके घालायला लागले. पुढच्या बाजारात दुसऱ्या दोघांनीही तेच तीन टाके घातले. टाके कुणालाही घालता येतात. मग तुम्ही म्हणालात, छाप कोरू. आजोबांना साडीवर छापायचे ठोकळे कोरताना तुम्ही लहानपणी बघितलं होतं, तेवढ्यावर तुम्ही स्वतःला कारागीर समजत होता. सागवानाचा तुकडा घेतलात आणि अंगणात बसलात. मांजरपाटाच्या चौकोनी चिंधीवर लाल रंगात छाप उठवायचा आणि ती पट्टी मी घोंगडीच्या कोपऱ्याला शिवायची, असं ठरलं. मधे मेंढरू, एका बाजूला धन्याचं नाव आपल्या अक्षरात, दुसऱ्या बाजूला तुमचं नाव उर्दूत.

ठोकळ्यावर अक्षरं उलटी कोरावी लागतात, म्हणून तुम्ही माझ्याकडं कागदावर नाव लिहून मागितलंत. मी बार्शीच्या शाळेत चौथी शिकलेली. या घरात बाळबोध वाचणारी तेव्हा मी एकटीच. मी लिहून दिलं. तुम्ही कागद उलटा धरलात, सुलटा धरलात.

"क्या लिखे भाभी? वाचून दाखवा."

नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं कसं?

"लिवलंय त्ये लिवलंय. कोरा."

"असं कसं? चुकलं म्हंजे? मेरेकू वाचता येईना, तुमाला बोलता येईना. मग नाव खरं का खोटं, सांगायचं कुणी?"

मागावर धन्यांच्या हातातून धोटा सुटला, इतके ते हसले. मला संताप आला. मी म्हणाले, "आन् तुमी त्या बाजूला काय खरडताय त्ये मला तरी कुठं कळतंय? शिवी लिवली असंल."

"हौ. लिखा हूँ, भाभीची भाकर रोज करपती."

मी त्यानंतर कधी कुणाला विचारलं नाही की त्या बाजूला काय लिहिलंय. तुम्हीही आमची बाजू दुसऱ्याकडून वाचून घेतली नाही. दुकानात कितीक शिकलेले लोक येत होते, एका शब्दात कळलं असतं. आपल्या दोघांमधे करार झाला असेल तर तो एवढाच.

पहिली पट्टी उठली आणि मी बघितलं. म्हणाले, "गफूरभाई, हा कुत्रा हाय."

"मेंढा है."

"मेंढ्याची शेपूट अशी वर असती व्हय? आन् कान बघा."

तुम्ही धन्यांकडं बघितलंत. धन्यांनी पट्टी लांब धरली, जवळ धरली आणि म्हणाले, "लांबून मेंढा दिसतो." तुम्ही रुसून दोन दिवस दुकानात आला नाहीत. मी तशाच पट्ट्या शिवल्या, कारण मांजरपाट कापून झाला होता.

तेव्हा खंडोबा आमच्या अणदूरला होता. देवाची मूर्ती वर्षातून पाळीनं इथं आणि नळदुर्गाला असते; देव इथं असला की बाजार इथं, तिकडं गेला की तिकडं. त्या जत्रेत माल घेऊन तुम्ही बसलात आणि संध्याकाळी रिकामे परत आलात. माणसं पट्टी बघत होती आणि कपाळाला लावत होती. देवाचा कुत्रा आहे म्हणत होती. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतो, तोच हा, असं त्यांनी आपापसांत ठरवून टाकलं होतं. तुम्ही दारातून ओरडलात, "भाभी, मल्लूखानाचा कुत्ता चल गया!" तुमच्या लोकांत खंडोबाला मल्लूखान म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यावर शहाण्या माणसानं गप्प बसावं. तुम्ही बसला नाहीत. कुत्रा म्हणल्याचं तुमच्या मनात राहिलं होतं. पावसाळ्यात काम नसताना तुम्ही दुसरा ठोकळा कोरलात. त्यात खरंखुरं मेंढरू होतं. शिंगं वळलेली, शेपूट खाली, लोकरीची वलयं. मी नाव ठेवायला जागा शोधली आणि मला सापडली नाही. सुंदर होतं. आणि पुढच्या बाजारात माल तसाच परत आला. एका वाघ्यानं तुम्हाला तोंडावर सांगितलं म्हणे, "बाबा, खंडोबाचा कुत्रा व्हता त्यो कुठं हाय? ह्या दुसऱ्याच्या दिसत्यात." तुम्ही त्याला सांगत बसलात की माल तोच, हात तोच, छाप सुधारला. तो म्हणाला, "सुधारला म्हंजे दुसरा झाला न्हव का?"

तुम्ही घरी आलात, तो सुंदर ठोकळा चुलीत टाकायला निघालात. मी काढून घेतला. मग जुना कुत्रा परत आला आणि कुत्रा छाप हे नाव पक्कं झालं. त्याच्यावरून मी तुम्हाला किती वर्षं चिडवलं असेल, ते चांदबीला विचारलं तर ती सांगेल.

ठोकळा झिजायचा. लाल रंग पिऊन पिऊन कडा बोथट व्हायच्या, की तुम्ही नवा कोरायला घ्यायचा. समोर जुना ठेवून तस्साच कोरायचा तुमचा इरादा असायचा आणि तरी काहीतरी बदलायचंच. एकदा कुत्र्याचे पाय आखूड झाले. एकदा शेपटीला गाठ आली. ज्या वर्षी तुमच्या मोठ्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षीच्या ठोकळ्यात कुत्रा जरा हसल्यासारखा दिसत होता. मी तसं म्हणाले तर तुम्ही म्हणालात, लाकडाची गाठ होती तिथं. असेल. नावं मात्र कधी बदलली नाहीत. दोन्ही एका मापाची. बोटांनी मोजून, दोऱ्यानं ताडून तुम्ही ती सारखी ठेवायचा. धन्यांचं नाव तीन अक्षरांत मावतं, तुमचं पसरायचं, म्हणून तुम्ही तुमचं आवळून बारीक केलं होतं. हे मला कुणी वाचून सांगितलं नाही. ते दिसतच होतं.

मग दुसरी लढाई आली. फौजेला घोंगड्या लागत होत्या. हैदराबादचा एक ठेकेदार आला आणि म्हणाला, सरकारी माल आहे, छापावर ताज पाहिजे. तुम्ही कुत्र्याच्या डोक्यावर ताज कोरलात. मी म्हणाले, "गफूरभाई, हे कुणी सरकारी माणसानं बघितलं तर तुमाला आत टाकतील."

"कायकू? मेंढा समजेंगे."

त्या ताजावाल्या घोंगड्या कुठल्या कुठल्या देशात गेल्या असतील. कुणा शिपायानं थंडीत ती अंगावर घेतली असेल आणि कोपऱ्यात ताज घातलेला कुत्रा बघून काय समजला असेल, देव जाणे. लढाई संपली, ताज गेला, ठोकळा जुनाच वर आला. पण तेव्हा आमचे धनी राहिले नव्हते. धन्यांच्या मागं लोक तुम्हाला म्हणाले, आता छापावर दोन नावं कशाला, तिकडची बाजू मोकळी झाली. तुम्ही त्या वर्षी नवा ठोकळा कोरलात आणि धन्यांचं नाव आधी कोरलंत. मला बोलावून दाखवलंत. मान हलवून विचारलंत, बरोबर आहे का. मी मान हलवली. तेवढंच.

तुम्ही साधू होता असं मी म्हणत नाही. दुकानाच्या भिंतीचा एक कोपरा तुमच्या पानानं कायमचा लाल करून ठेवलात. दरात आडून बसायचा, गिऱ्हाईक उठून गेलं की माझ्यावर चिडायचा. मी इतक्या पट्ट्या शिवल्या, टाका चांगला आहे असं एकदा तुमच्या तोंडून निघालं नाही. पण आता जे लिहिणार आहे ते तुमच्या बाजूनं आहे, आणि ते मी तुम्हाला कधी बोलले नाही.

हैदराबादचं राज्य मोडायच्या आधी, गडबडीच्या साली, त्या राज्याच्या बाजूची खाकी घातलेली माणसं गावात फिरायला लागली. दुकानात आली. छाप बघितला. म्हणाली, उर्दू वर घ्या, मोठी करा, पलीकडचं दुसरं काढून टाका. तुमच्याच बिरादरीतली, तुमच्याच भाषेत बोलणारी. तुम्ही त्यांना पाणी दिलंत, पान दिलंत आणि म्हणालात, "नया ठप्पा बनाना पडता मियाँ. पर लकडी गिल्ली है. अभी छिले तो फटती." ती गेली. परत आली. लाकूड ओलंच. तिसऱ्यांदा आली तेव्हा त्यांतल्या एकानं लाकूड हातात घेऊन बघितलं. खरंच ओलं होतं. असणारच. तुम्ही ते रांजणाखाली ठेवलं होतं, जिथं थेंब थेंब गळतं तिथं. पाणी भरायला वाकले तेव्हा मला दिसलं. तुम्ही बघितलंत की मी बघितलं. बोटानं ओठ दाबलात आणि दुकानात निघून गेलात.

ते उघडकीला आलं असतं तर तुमचं काय झालं असतं, ते मी लिहिणार नाही. तुम्ही माझ्या नवऱ्याचं नाव त्या रांजणाखाली ठेवून वाचवलंत. तेव्हा ताकद तुमच्या बाजूला होती. नाव पुसून टाकणं तुम्हाला सोपं होतं, फायद्याचंही होतं.

मग माझा भाऊ येऊन मला हद्दीपलीकडं बार्शीला घेऊन गेला. शिवाप्पा इथंच राहिला. पोलीस ॲक्शन झाली. बार्शीत लोकांनी पेढे वाटले, मीही खाल्ला. गावाकडं तुमच्या लोकांचं काय होत होतं ते पेढे वाटणाऱ्यांपैकी कुणी सांगत नव्हतं. परत आले तेव्हा चांदबीचा धाकटा भाऊ कुठं गेला ते कुणाला माहीत नव्हतं. अजून नाही. तुमच्या घराला कडी आतून होती, आणि मी हाक मारली तरी ती उघडायला वेळ लागला. माझी हाक ओळखून सुद्धा.

दुकानात गेले. पट्ट्यांचा गठ्ठा होता. वरची उचलली. कुत्रा होता, धन्यांचं नाव होतं, भोवतीची चौकट होती. आणि एका बाजूला पांढरं मांजरपाट.

शिवाप्पाला विचारलं. तो म्हणाला, "मी नुसतं म्हटलं आई, चाचा, काही दिवस उर्दू नसलेली बरी. तर तेच उठले. त्यांनीच पटाशी घेतली. मी हात लावला न्हाय."

"तू नुसतं म्हटलं."

"व्हय."

"आन् लाकूड ओलं हाय असं तुला सुचलं न्हाय?"

त्याला कळलं नाही मी काय म्हणते ते. कळणार कसं, रांजण मी बघितला होता, त्यानं नाही. पण एक गोष्ट त्यालाही कळायला पाहिजे होती. कोरायला दिवस लागतात, तासायला वेळ लागत नाही. म्हणून कोरा म्हणणाऱ्याला टोलवता येतं. तासा म्हणणाऱ्यानं आधी आपल्या जिभेला आवरावं. लहानपणी ताप आला की तो तुमच्या मांडीवर झोपायचा. बाहेरून कुणी धमकी दिली नव्हती, कुणी दुकानात आलं नव्हतं. उद्या कुणी येईल म्हणून त्यानं आजच तुम्हाला सांगितलं. माझ्या पोटचा आहे, म्हणून सोडून देणार नाही. मी त्याला हे तोंडावर बोलले आहे.

आणि तुम्हालाही बोलले. आठवतं? तुम्ही ओट्यावर बसला होता. मी पट्टी तुमच्या समोर टाकली. "हे का केलं?"

तुम्ही पान जुळवत होता.

"गफूरभाई, मी इचारते."

"लाकूड था भाभी. जिवावरचं लाकडावर भागलं."

"काय भागलं? कुणाचं भागलं? त्यानं एकदा म्हटलं आन् तुमी लगेच पटाशी घेतली? मला इचारायचं न्हाय? निम्मा माल माझा हाय. मी न्हाय म्हणले असते."

"म्हणूनच तो नै पूछा," तुम्ही म्हणालात, आणि उठून तट्टाला पाणी दाखवायला गेलात.

ते भांडण तिथं राहिलं. नंतर मी दोनदा काढलं, तुम्ही खोकल्याची सबब सांगितली. मग खोकला खरा निघाला. शेवटच्या दिवसांत मी रोज येत होते, पण खोकणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. मला वाटलं, बरे झालात की बोलू. मी तेव्हा काय बोलणार होते ते सांगते. तुमचं नाव गेल्याचा राग कमी आहे. तुम्ही स्वतःच्या हातानं काढलंत, आणि तेही इतकं सफाईनं काढलंत की चौकटीला टवका नाही, कुत्र्याच्या शेपटीला ओरखडा नाही, त्याचा राग आहे. जरा ओबडधोबड तरी तासायचं होतं. बघणाऱ्याला कळलं असतं की इथं काही दुखलंय. तुम्ही जाताना आपली जागा झाडून गेलात.

मास्तरांच्या त्या भाषणानंतर मी ठरवलं, नवा ठोकळा करायचा, तुमच्या नावासकट. नळदुर्गला एक कोरणारा आहे. जुन्या पट्टीवरून त्यानं हुबेहूब काढलं असतं. तुमच्या नावाची ती जुनी पट्टी पदरात घेऊन मी चांदबीकडं गेले. तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं.

ती म्हणाली, "नक्को भाभी."

"का नको? त्यांचं नाव हाय."

"मरे सो आदमी कू नाम का क्या करना? मैं जिंदा हूँ ना. वो नाम पढ के फिर कोई दरवाजे पे आया तो?"

मी म्हणाले, आता तसं काही नाही. मी आहे, गाव आहे. तिनं माझ्याकडं बघितलं. तेव्हाही गाव होतंच, हे ती बोलली नाही. मास्तरांना मी उत्तर देऊ शकते, शिवाप्पाला देऊ शकते. चांदबीला नाही. ती भिते ते खोटं नाही, आणि तिची भीती मोडून तुमचं नाव लावायचा हक्क मला नाही. तुमचा वाटा तिला मिळतो, त्यात शिवाप्पा खोट करत नाही, हेही लिहिते, कारण ते खरं आहे. नाव कुठं निघू देणार नाही, असा तिला शब्द दिला आणि पट्टी पदरात घेऊन परत आले.

त्याच आठवड्यात शिवाप्पानं सोलापूरच्या छापखान्यातून नवा छाप करून आणला. रंगीत कागद. त्यावर एक पांढरं शुभ्र, गुबगुबीत मेंढरू, शिंगं जिलबीसारखी, मागं डोंगर, डोंगरावर सूर्य. असलं मेंढरू आपल्या मुलखात मी बघितलं नाही. धन्यांचं नाव बरोबर मधोमध, दोन्ही बाजूंना वेलबुट्टी. कुठं बोटभर मोकळी जागा नाही.

"बघ आई, कसं भरल्यासारखं दिसतंय."

"त्येच तर."

"काय त्येच तर? लोक इचारतात, पट्टीवर एक बाजू कोरी का? मी काय सांगू?"

"खरं सांग."

"आई, काळ बदलला. आता त्ये दिवस गेले. उगं जुनं काढून काय मिळणार? ह्यात कुणाला बोलायला जागाच न्हाय."

"म्हणूनच ह्यो कागद माझ्या घोंगडीला लागणार न्हाय. आन् पावसात एका दिवसात लगदा हुईल, त्ये येगळं."

"मग काय, चाचाचं नाव घालायचं? चांदबीचाची नको म्हणतीय, मला ठावं हाय."

"नाव न्हाय घालायचं."

"मग?"

"ठोकळा हाय तस्साच राहील."

त्यानं कागद जमिनीवर आपटले. म्हातारपणी माझी बुद्धी फिरली म्हणाला. धंदा बसेल म्हणाला. मी म्हणाले, अर्धा धंदा माझा आहे, माझा अर्धा बसू दे. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. सुनेच्या हातून निरोप पाठवतो. नाव लागू नये, हे चांदबीनं ठरवलं. जागा भरू नये, हे मी ठरवलं. बाकी कुणाला ठरवायचं काही शिल्लक ठेवलेलं नाही. ठोकळा माझ्या पेटीत आहे. पट्ट्या मी स्वतः उठवते आणि स्वतः शिवते. डोळ्यांना आता सुई दिसत नाही, सून दोरा ओवून देते. निरोप तीच आणते, दोराही तीच ओवते.

परवा आपल्या अणदूरच्याच बाजारात मीच माल घेऊन बसले. तामलवाडीचा एक म्हातारा धनगर आला. त्यानं घोंगडी उचलली, उन्हात धरली, मग कोपरा उलटला. कुत्रा बघितला, मान हलवली. मग त्याचा अंगठा त्या कोऱ्या जागेवर थांबला.

"मावशे, हितं छाप उठला न्हाय. रंग कमी पडला जणू."

"रंग पुरला. ती जागा अशीच हाय."

"अशी कशी? हितं कायतरी लिवलेलं असायचं. मला वाचाया येत न्हाय, पन असायचं."

"असायचं."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग परत पट्टीकडं. "त्यो पान खानारा, तट्टूवाला. त्याचं व्हतं व्हय?"

मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. चांदबीला मी शब्द दिलाय.

"मग दुसऱ्याचं तरी घाला की. जागा वाया चाललीय."

"वाया न्हाय चालली," मी म्हणाले. "घ्यायची तर जागेसकट घ्या. न्हाय तर ठिवा खाली."

त्यानं दर केला. मी तुमच्यासारखी आडून बसले. त्यानं शेवटी घेतली, झटकली आणि खांद्यावर टाकली. मग दोन पावलं गेल्यावर थांबून त्यानं ती उलटी केली आणि पट्टीचा कोपरा आत गेला होता तो बाहेर काढला.